कोपरा फाटलेलं कार्ड

माझं अक्षर लहानपणापासून चांगलं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो. गावात कुणाचं लग्न निघालं की पत्रिकांवर नावं घालायला मला बोलावणं यायचं आणि त्या निमित्ताने चार लाडू जास्त मिळायचे. या अक्षराचा मला फार गर्व होता, आणि त्यापायी मी एका भल्या बाईवर चोर ठरायची पाळी आणली. ते कसं झालं ते सांगतो.

बी.एस्सी. झाल्यावर सेलूजवळच्या एका ग्रामोद्योग संस्थेत मला नोकरी लागली. संस्थेचं नाव लांबलचक, प्रयोगशाळा मात्र दोन खोल्यांची, मागे टिनाची पडवी. प्रमुख, म्हणजे आमचे सर, नागपूरला राहायचे आणि शनिवारी यायचे. बाकी आठवडाभर मी आणि बाई. बाई म्हणजे बाटल्या धुणाऱ्या बाई. मस्टरवरही त्यांच्या नावापुढे तेच लिहिलेलं होतं. सातवीपर्यंत शिकलेल्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, रोज दोन कोस चालत यायच्या. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणायच्या, आणि दिवसभरात त्यापलीकडे फारसं काही बोलणं होत नसे. साहेबी मलाच जास्त होती, हे आता कळतं.

आमचं काम कल्चरचं. तूर, हरभरा, भुईमूग उपटून पाहिला की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत जिवाणू असतात, ते हवेतला नत्र धरून पिकाला देतात. हे जिवाणू बाटलीत वाढवायचे, कसल्याशा भुकटीत मिसळायचे आणि पेरणीच्या वेळी बियाण्याला चोळायचे. कागदावर हे फार सोपं आहे. पण आमचा उन्हाळा कागद वाचत नाही. चैत्रात भरलेली पुडी मृगाला उघडावी तर आत सगळे मेलेले. शेतकरी म्हणायचे, "साहेब, तुमचं कल्चर म्हंजे काळी माती. माती तं आमच्या वावरातबी हाय." त्यांचं चूक नव्हतं.

बाईंची लहान मुलगी होती. सुरुवातीला त्या तिला सोबत आणायच्या आणि पडवीच्या बल्लीला लुगड्याची झोळी बांधून तीत निजवायच्या. मला ते पटेना. प्रयोगशाळा निर्जंतुक हवी, असं पुस्तकात वाचलेलं. एके दिवशी मी चढ्या आवाजात म्हणालो, "बाई, ही प्रयोगशाळा आहे, पाळणाघर नाही." दुसऱ्या दिवसापासून झोळी दिसली नाही. पोरगी घरी सासूजवळ राहू लागली. मी फार मोठी शिस्त लावली, असं मला वाटलं.

नियम असा होता की उरलेलं कल्चर उकळून मारायचं आणि मगच फेकायचं. त्या वर्षी रॉकेल मिळता मिळत नव्हतं. बाईंनी मला न विचारता उकळणं बंद केलं आणि उरलेल्या बाटल्या पडवीतल्या कोळशाच्या ढिगावर रिकाम्या करू लागल्या. हा कोळसा तुराट्यांचा, म्हणजे तूर काढल्यावर उरलेल्या काड्या जाळून केलेला. सिगडीसाठी आम्ही तोच वापरायचो. वैशाखात ढीग खालपर्यंत उपसताना बाईंना वास आला. ताज्या बाटलीचं बूच काढलं की येतो, तसा. दोन महिन्यांपूर्वी ओतलेल्या बाटलीचा वास आता कशाला यावा? त्यांनी चिमूटभर कोळसा घेतला, माझं पाहून पाहून शिकल्या होत्या तशी जिवाणू वाढवायची काचेची बशी तयार केली आणि त्यावर तो पसरला. चौथ्या दिवशी बशीत भिजल्या साबुदाण्यासारखे टपोरे, चिकट ठिपके उभे.

त्यांनी बशी माझ्यासमोर आणली. मी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणालो, "हात धुतले नसतील."

"धुतलेते जी," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी ते तीनदा करून पाहिलं. टिनाखाली भर उन्हात ठेवलेला कोळसा, सावलीतला कोळसा, गोबर गॅसची वाळलेली मळी मिसळलेला कोळसा. सगळं एका जुन्या शाळकरी वहीत लिहून ठेवलं. वहीची पुढची पानं कोणा पोराच्या पाढ्यांनी भरलेली, मागच्या कोऱ्या पानांवर बाईंचं काम. "१० चिमटी कोळसा, २ चिमटी मळी, टिनाखाली १५ दिस. जिते." अक्षर असं की कोंबडी पावसातून चालून आली. पानांवर तेलाचे डाग, एका पानावर हळद, एकावर काजळाचा अंगठा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत त्या स्वतःच्या अकलेने उत्तरापर्यंत पोचल्या होत्या. मला ते पटायला पाऊस पडावा लागला.

नवतप्यातच कधीतरी बाई तीन दिवस आल्या नाहीत. निरोप नाही, अर्ज नाही. मी मस्टरमध्ये तीन दिवस लाल शाईने 'गै' लिहिलं, गैरहजर. परत आल्या तेव्हा विचारायच्या ऐवजी सुनावलंच. "घरी काम होतं भाऊ," असं म्हणून त्या बाटल्या धुवायला बसल्या.

पावसाळ्यात बाईंच्या कोळशातलं कल्चर चोळलेल्या रोपांच्या मुळांवर भरगच्च गाठी दिसल्या, तेव्हा मी सरांना सगळं दाखवलं. सर खूश झाले. बाईंना बोलावून चहा पाजला, हे मी स्वतः पाहिलं आहे. श्रावणात हिंगणघाटचे एक शेठ संस्था पाहायला आले. त्यांची जिनिंग होती, तेलघाणी होती, आता खताच्या धंद्यात पडायचं मनात होतं. सोबत त्यांचा केमिस्ट. सरांनी काही लपवलं नाही, आणि बाईंनी तर अख्खी रीत कौतुकाने समजावून सांगितली: कोळसा किती बारीक, मळी किती, ओल किती. शेठ नम्र माणूस, "वा ताई, वा" म्हणत ऐकत होते. जाताना नमुन्याच्या दोन पुड्या घेऊन गेले.

त्यानंतर सर म्हणाले, "हे सगळं नीट लिहून काढा." नीट म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. आमच्याकडे शास्त्र शिकलेल्या प्रत्येक माणसाला एक रोग असतो. प्रयोग रफ वहीत करायचा आणि जर्नल फेअर करायचं. रफ वहीची लाज वाटते आणि फेअरला मार्क मिळतात. मी वर्ध्याहून जाड पुठ्ठ्याचं जर्नल आणलं. एका रविवारी बसून बाईंची वही त्यात उतरवली, एकाच निळ्या शाईत, एकही खाडाखोड न करता. चिमटीचे ग्रॅम केले. जिथे त्यांनी "मी पाह्यलं" लिहिलं होतं तिथे मी "निरीक्षण करण्यात आले" लिहिलं. तारखा घातल्या, समास आखले. मुखपृष्ठावरच्या चौकटीत 'नाव' असं छापलेलं होतं, तिथे हाताला सवय होती म्हणून माझं नाव घातलं. सरांनी शेवटच्या पानावर सही केली, खाली त्या दिवसाची तारीख टाकली. आणि रफ वही? ती मी बाईंना दिली आणि म्हणालो, "हिचं आता काम नाही, सिगडी पेटवायला घ्या." त्यांनी एकेक पान फाडून सिगडीत घातलं. माझ्या सांगण्यावरून, स्वतःच्या हातांनी.

त्या हिवाळ्यात सर हृदयविकाराने गेले.

क्रिकेटचा विश्वचषक आपण जिंकला, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. संस्थेचे वकील वर्ध्याचे, सगळे सरकारी कागद वाचायची त्यांना खोड. एके दिवशी त्यांनी मला बोलावून एक छापील उतारा समोर ठेवला. हिंगणघाटच्या शेठनी पेटंटचा अर्ज केला होता. तुराट्यांच्या कोळशात नि गोबर गॅसच्या मळीत जिवाणू टिकवण्याची रीत. संशोधक म्हणून त्यांच्या केमिस्टचं नाव. मी वाचत गेलो आणि कान गरम झाले. बाईंच्या चिमट्या होत्या त्या, फक्त ग्रॅममध्ये.

"जिवाणूवर पेटंट मिळत नाही, पण रीतीवर मागता येतं," वकील म्हणाले. "रीत आमच्याकडून उचलली, असा विरोध आपण नोंदवू."

विरोध नोंदवला. त्यावर शेठचं जे प्रतिज्ञापत्र आलं ते वाचून मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात म्हटलं होतं की आषाढात आमच्या केमिस्टने ही रीत शोधली, श्रावणात आम्ही दोन पुड्या या संस्थेत तपासायला नेऊन दिल्या, आणि तिथल्या बाटल्या धुणाऱ्या बाईने त्या चोरून रीत संस्थेला पुरवली. म्हणजे पुड्या नेल्या त्यांनी आणि चोर ठरल्या बाई.

"पेटंटचं मले काई समजत नाई जी," बाई वकिलांना म्हणाल्या. "पण मी चोट्टी नाई हे कागदावर पाह्यजे. माह्या गावात हे गेलं तं मी कोणाच्या दारात उभी राहू?"

भांडण आता एवढंच होतं. आषाढाच्या आधी बाईंकडे ही रीत होती, हे दाखवता आलं तर ती त्यांची. नाहीतर त्या चोर. मधलं काही नव्हतं.

मी छाती फुगवून जर्नल पुढे केलं. वकिलांनी चाळलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोराने दुधाचं पातेलं उलटं केलं असावं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "एक शाई, एक बैठक, एक डाग नाही. प्रयोग करताना अशी वही कोणी लिहीत नाही, मागाहून लिहितो. खाली सरांची सही श्रावणानंतरची. आणि वर नाव तुमचं. बाईंचं यात आहे काय?"

"मी सांगतो ना. मी साक्षीदार आहे."

"तुम्ही संस्थेचे पगारी. आणि बाईंचा स्वतःचा शब्द स्वतःसाठी चालत नाही. आपल्याच लग्नाला नवरदेव साक्षीदार म्हणून सही करत नाही साहेब. कोणीतरी बाहेरचा पाहिजे, ज्याला यात काही घेणं-देणं नाही. नाहीतर तेव्हाचाच एखादा कागद, भांडण ठाऊक नव्हतं तेव्हा लिहिलेला."

तसा कागद होता. मी त्याच्यावर चहा उकळला होता.

मग वकिलांनी आवाज खाली करून दुसरा रस्ता दाखवला. जर्नलवर नाव माझंच आहे, तर संशोधक मीच होऊ. बी.एस्सी. माणसाने शोध लावला हे पटायला सोपं, बाटल्या धुणारीने लावला हे जड. आता खरं सांगायचं तर मी लगेच नाही म्हणालो नाही. दोन दिवस ते नाव माझ्या डोळ्यांपुढे छापून येत होतं, तेही सुरेख टायपात. तिसऱ्या दिवशी मी बाईंना ते बोलून दाखवलं. वाटलं होतं चिडतील. त्या म्हणाल्या, "टाका तुमचं नाव भाऊ. चोट्टी नाई ठरलो म्हंजे झालं." त्या क्षणी मला माझी जी किळस आली ती आजही तशीच येते. मी वकिलांकडे गेलो आणि सांगितलं की तो रस्ता बंद.

"मग बाहेरचा माणूस आणा," ते म्हणाले. "आषाढाच्या आधी ही पुडी बाहेर कोणाला दिली होती का?"

बाई बराच वेळ पदराचा काठ चाचपत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जाम गावाले मामा हाय माहे. त्यायले पाठवलीती. चिठ्ठीबी लिहलीती."

वकील खुर्चीतून अर्धे उठले. "मग इतके दिवस बोलल्या काऊन नाई?"

"ते चिठ्ठी आता नसन जी. फाडली असन."

"फाडली? काऊन?"

त्या उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एस.टी.ने निघालो. हिंगणघाटला गाडी बदलली आणि दुपारी जामच्या चौफुलीवर उतरलो. ट्रक, टायरवाले, चहाची हाटेलं, आणि त्यांच्या मागे शंभर पावलांवर मामांचं घर. मामा सत्तरीचे, वाळलेले, डोळे मात्र चपळ. मी येण्याचं कारण सांगितलं. पुडी त्यांना चांगली आठवत होती. "भुईमुंगाले चोळलीती. गाठी अशा लागल्या का मुळं दिसेना." आणि चिठ्ठी? त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"तशी चिठ्ठी घरात ठेवत नाई जी," मामा म्हणाले. "वाचली का फाडतो आमी."

"तशी म्हणजे कशी?"

"तुया साहेबाले तू सांगतलं नाई का व?" मामांनी बाईंना विचारलं. बाई खाली पाहत होत्या. मी वेंधळ्यासारखा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिलो.

तेवढ्यात मामी दारातून म्हणाल्या, "फाडली कुठं तुमी? गुळाचं माप लिहेल होतं तिच्यात. दरसाल पेरनीले काढता नं."

मामा ओशाळले. "घरात नाई ठेवली पण," ते घाईने म्हणाले. "गोठ्यात ठेवली."

मामी गोठ्यात गेल्या आणि टिनाखालच्या बांबूच्या पोकळीतून एक पोस्टकार्ड काढून घेऊन आल्या. माझ्या हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं. मी उचललं. खालचा कोपरा फाडलेला. आमच्या भागात कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचायच्या आधीच पोस्टमनचा चेहरा सांगतो, कारण ती मयताची खबर असते. ती घरात ठेवायची नसते.

वरच्या ओळी आमच्या प्रयोगशाळेच्या निळ्या शाईत होत्या. बाईंचंच ते कोंबडीचं अक्षर. "ती. मामास सा. न. तुराट्याच्या कोळशात कल्चर उन्हाळाभर जितं राह्यलं. तीनदा पाह्यलं. दहा चिमटी कोळशाले दोन चिमटी मळी. पुडी कंडक्टरजवळ देतो. गुळाच्या पान्यात कालवून बियाले चोळजा, सावलीत वाळवजा, उन्हात नाई." त्याखाली गुळाचं माप. आणि मग पेन्सिलीने, अक्षर थोडं मोठं, "लहानी सोमवारी गेली. तुमी येऊ नोका. ऊन भल्लं हाय."

मी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, नको तो प्रश्न विचारला, "लहानी म्हणजे...?"

"झोळीतली," बाई म्हणाल्या.

कार्ड त्यांनी रविवारी लिहायला घेतलं होतं आणि पुडी बांधायची म्हणून अर्धवट ठेवलं होतं. रात्री पोरीला हगवण लागली, सोमवारी दुपारपर्यंत ती गेली. दुसरं कार्ड आणायला कोण जाणार, म्हणून त्याच कार्डावर खाली दोन ओळी लिहिल्या आणि कोपरा फाडला. चौथ्या दिवशी कामावर आल्या, आणि मी त्यांना सुनावलं. त्यानंतर दोन वर्षं मी रोज त्यांच्यासोबत काम केलं आणि पोरगी कशी आहे, हे एकदाही विचारलं नाही. प्रयोगशाळेत ती नाही, एवढ्यावरच मी समाधानी होतो. झोळी तिथे असती तर ती वाचली असती असं डॉक्टर म्हणणार नाहीत. मलाही तसं म्हणता येत नाही. पण ती झोळी मी काढायला लावली, आणि ते मला आजवर सुटलेलं नाही.

येताना गाडीत बाई म्हणाल्या, "हे सगळ्यायच्या म्होरं वाचतीन का?"

"वाचतील," मी म्हणालो. "तुम्ही नाही म्हणालात तर मी वकिलांना चिठ्ठी मिळाली नाही म्हणून सांगतो."

 हिंगणघाट गेलं, वेणेचा पूल गेला. मग बाई म्हणाल्या, "वाचू द्या. ते काई लपवाची गोष्ट नाई. मीच लपवून राह्यलोती."

कार्डावर पोस्टाचा शिक्का होता. महिना आणि साल स्पष्ट, दिवस मात्र फासलेला. महिना आषाढाच्या आधीचाच होता, तरी वकिलांना दिवसही हवा होता. "सोमवार कोणता, हे सांगणारं काही आहे का?"

होतं. माझं मस्टर. त्या महिन्यात सोमवार, मंगळवार, बुधवार अशी ओळीने तीन लाल 'गै'. तेही माझ्याच सुंदर अक्षरात. भांडण ठाऊक नव्हतं तेव्हा लिहिलेला कागद म्हणून त्याच्याइतका अस्सल पुरावा दुसरा नव्हता.

पेटंटची कचेरी मुंबईला, आणि मामांना तिथपर्यंतचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून साक्षी वर्ध्यालाच एका नोटरीच्या खोलीत घ्यायच्या, असं दोन्ही वकिलांनी ठरवलं. लांबट खोली, एक पंखा, आणि समोरासमोर बसलेलो आम्ही. शेठही आले होते, पांढरं धोतर, काळी टोपी. आधी मला उभं केलं. शेठचे वकील नागपूरचे, तिखट.

"हे लाल शाईत तुम्ही लिहिलं?"

"मी."

"बाई या तीन दिवशी का आल्या नाहीत?"

"माहीत नव्हतं."

"विचारलं नाही?"

"नाही."

माझ्या आयुष्यात एवढी खरी आणि एवढी लाजिरवाणी साक्ष मी दुसरी दिली नाही. नंतर मामा उभे राहिले. कार्ड कुठे ठेवलं, कसं मिळालं, सगळं सांगितलं. वकिलांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं.

"वर शाई, खाली पेन्सिल. म्हणजे दोन वेळा लिहिलं. आणि हा कोपरा कोणी फाडला? त्यावर काय होतं? तारीख होती ना? अडचणीची होती म्हणून फाडली ना?"

मामांना प्रश्नच कळला नाही. कोपरा का फाडतात, हे कोणी विचारू शकतं, हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. ते बाईंकडे पाहू लागले. बाईंनी तोंडाला पदर लावला होता. आमचे वकील उत्तर द्यायला उठले, पण त्यांच्याआधी समोरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेठ उभे होते.

"वकीलसाहेब, बस करा."

"शेठजी, माझी उलटतपासणी चालली आहे."

"माहीत आहे. मैयतचं कार्ड आहे ते. आमच्या घरातही असाच कोपरा फाडतात." त्यांनी हात पुढे करून कार्ड मागून घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि बाईंकडे वळले. "ताई, केवढी होती?"

"आठ महिन्याची."

शेठ टोपी काढून बसले आणि आपल्या वकिलांना म्हणाले, "यांना आणखी काही विचारायचं नाही. आणि ते चोरीचं लिहिलं आहे ते आधी काढा."

पुढे लोक म्हणाले की केस बुडाली हे शेठनी ओळखलं आणि मोठेपणाने माघार घेतली. असेलही. मी त्यांना देव करत नाही; श्रावणात पुड्या कोणी नेल्या हे त्यांना त्या दिवशीही ठाऊक होतं. पण कार्ड वाचून त्यांनी टोपी काढली, ते मी पाहिलं. महिन्याभरात त्यांचं लेखी पत्र आलं. आपल्या केमिस्टच्या नावाचा दावा ते सोडत होते आणि बाईंवरचा आरोप मागे घेत होते. बाईंनी ते पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं आणि घडी करून झंपरच्या आत ठेवलं.

वकील म्हणाले, हाच अर्ज आता बाईंच्या नावाने पुढे चालवायचा. त्यासाठी फॉर्म भरायचा होता. सवयीप्रमाणे मी पेन उघडून बसलो. 'संशोधकाचे नाव' या रकान्यापाशी बाईंनी हात पुढे केला.

"इथं मी लिहतो भाऊ."

त्यांनी लिहिलं. रकान्याच्या बाहेर गेलं, एक काना खाली लोंबला. मी ते तसंच राहू दिलं. पेटंट पुढे दीड-दोन वर्षांनी मिळालं, त्याआधीच मस्टरवर त्यांच्या नावापुढचं 'बाटल्या धुणे' जाऊन 'प्रयोगशाळा सहायक' झालं होतं. माझ्याच हुद्द्याला येऊन बसल्या. टेबल मात्र एकच होतं, म्हणून मी भिंतीकडे सरकलो.

सगळं संपल्यावर कार्ड परत आलं, पाठीवर कचेरीचा शिक्का घेऊन. बाई म्हणाल्या, आता फाडायला पाहिजे, फार दिवस राहिलं. सुट्टी झाल्यावर आम्ही संस्थेच्या मागच्या नाल्यावर गेलो. पाणी वाहत होतं. मी म्हणालो, "बाई, एक नक्कल करून ठेवू का? एवढा मोठा पुरावा आहे."

"नोका भाऊ," त्या म्हणाल्या. "याचं फेअर करू नोका."

त्यांनी कार्डाचे चार तुकडे केले आणि पाण्यात सोडले. वर मी त्यातला मजकूर दिला आहे तो आठवणीतून. एखादा शब्द इकडे तिकडे झाला असेल.

परत येताना मी विचारलं, "लहानीचं नाव काय होतं?"

बाई थांबल्या. एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारत होतो, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. मग त्यांनी सांगितलं. ते नाव मी कुठेही लिहिलेलं नाही.